खुराड्याची कडी

मी एक उदमांजर पकडलं आणि नेऊन माझ्याच मुलीच्या सासरच्या वाडीत सोडलं.

झालं. लिहिलं एकदाचं. सहा वर्षांत हे वाक्य मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही, दोन पेले झाल्यावरसुद्धा नाही — आणि दोन पेल्यांनंतर मी काय काय बोलतो हे आमच्या वडपे गावातल्या कुणालाही विचारा. पण थांबा, एवढ्यावर हसू नका. हा नुसता मूर्खपणा झाला. मूर्खपणाचं मला काही वाटत नाही. माझ्या मूर्खपणाचे किस्से मी स्वतःच लग्नात, हळदीत, बारशात रंगवून सांगतो. लोक खुर्च्या ओढून बसतात. हाही सांगायचो. फक्त अर्धा सांगायचो. कुठला अर्धा गाळायचो, ते सांगायला आज बसलोय.

आधी मी कोण ते सांगतो. मी जॉबर. म्हणजे भिवंडीत लूम बिघडला की ज्याच्या नावाने बोंब मारतात, तो माणूस. पस्तीस वर्षं पॉवरलूमच्या खटखटीत पाना घेऊन हिंडलो, निम्मे कान तिथेच ठेवून आलो, आणि आता वडप्याला घरी बसलोय. घरामागे परस आहे. दोन पपया, एक चिकू, थोडा अळू आणि एक खुराडं. परसाच्या पलीकडे आमची आंबराई होती, तिथे आता गोडाऊन आहे. आंबराई आम्ही भावांनीच विकली. विकताना, हिच्यात कोण कोण राहतं, असं आम्ही कुणी विचारलं नाही. जे राहत होतं, ते मग सरळ आमच्याकडे राहायला आलं. कुठे जाणार होतं बिचारं?

रोज सकाळी पुरावे मिळायचे. पिकायला आलेली पपई अर्धी फस्त. आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, बरोबर मध्यभागी, चिकूच्या बिया पेरलेली शी. झाकण बायको घासायची आणि घासता घासता मला ऐकवायची. पण तिचा एक कायदा होता. विष घालायचं नाही, काठी उगारायची नाही. "जीव हाय तो. हाकलायचा, मारायचा न्हाय." मला हे पटलं होतं. खरं सांगू, मारायची माझ्यात हिंमतही नव्हती, त्यामुळे पटायला सोपं गेलं.

मग मी हाकलायच्या मागे लागलो. कुंपणाला तिखटाचं पाणी मारलं, तर दुसऱ्या दिवशी माझेच डोळे सुजले. जुन्या सीडी टांगल्या, त्या शेजारच्यांनी लग्नाच्या मंडपाला मागून नेल्या. शेवटी माझ्यातला जॉबर जागा झाला. मोबाईलवर तासभर लूमचा आवाज रेकॉर्ड केला, चालू बारा लूममध्ये उभं राहून, आणि स्पीकर चिकूखाली ठेवून दिला. त्या आवाजाला बाहेरगावचा पाहुणा दोन मिनिटं टिकत नाही, जनावर काय टिकणार? सकाळी बघतो तर पपई गायब, आणि शी या वेळी स्पीकरवर. भिवंडीत जन्मलेलं जनावर ते! लूम चालू आहेत म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं वाटून बिनधास्त जेवलं असणार. मी आणि बायको मात्र कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

म्हणून मग पिंजरा केला. भंगारातल्या सळ्या, जाळी, आणि झाप, म्हणजे वरून पडणारं दार, त्याला लूमची जुनी स्प्रिंग. आत एक पिकलेलं केळं. तिसऱ्या दिवशी उजाडताना बघतो तर स्वारी आत. काळपट अंग, स्वतःएवढीच लांब शेपटी, ओलं नाक. लूम बंद पडल्यावर मालक माझ्याकडे बघायचा, अगदी तसं बघत होतं.

ठरवलं असं होतं की स्कूटरला पिंजरा बांधायचा, नाशिक रोड धरायचा, पडघा सोडायचं, पार कसाऱ्याच्या डोंगरात जायचं आणि तिथे दार उघडायचं. बायकोने पिंजऱ्यावर चादर टाकून दिली आणि जनावराला हात जोडले. मला नाही जोडले.

पडघ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, ही पहिली चूक. चादर सरकली होती. एका ट्रकवाल्याने वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "चाचा, ये जंगलवाले देख लेंगे तो आपको इसी में बंद करेंगे." सगळे हसले. मीही हसलो. पण उदमांजर पकडणं, इकडून तिकडे नेणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे रस्त्यावर खाकी कपड्यातला जो दिसेल तो मला वनखात्याचा वाटायला लागला. एक तर पोस्टमन होता. पडघ्याच्या पुढे गेलोच नाही. डावीकडे पहिली मातीची वाट दिसली तिच्यात स्कूटर घातली, आंब्याच्या चार झाडांमागे गेलो, झाप वर केली. जनावर बाहेर आलं, एकदा अंग झाडलं आणि पानांत दिसेनासं झालं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढे हळदीत सांगताना मी त्याला तीन वेळा वळून बघायला लावायचो.

मग मान वर केली. झाडांपलीकडे एक पोपटी भिंत, आणि दोरीवर चादर वाळत घातलेली. त्या चादरीच्या काठाजवळ चार बोटं रुंदीची आडवी पट्टी होती — धागा दुप्पट गेला की पडते तशी. ती पट्टी जगात दोन माणसं ओळखतील. एक ज्या लूमवर पडली तो लूमवाला, आणि दुसरा मी. कारण तो डागी माल घडी आत करून मीच दर्शनाच्या रुखवतात ठेवला होता. कुणाला कळतंय, म्हणून.

दर्शना, माझी मुलगी. लग्नाला चार महिने झालेले. तिच्या सासरी मी नेहमी पुढच्या रस्त्याने, इस्त्रीचे कपडे घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेलेलो. मागची वाडी मी कधी बघितलीच नव्हती.

आता बघा हं. तिथून घर पन्नास पावलं. मी काय करायला हवं होतं? जायचं, हाक मारायची, "व्याहीबुवा, असा असा गाढवपणा झालाय, कोंबड्या जपा." झालं असतं. दोन दिवस हसले असते. मी काय केलं? हेल्मेट घातलं. पोलिसांनी दोनदा पकडूनही मी जे घालत नव्हतो, ते हेल्मेट आयुष्यात पहिल्यांदा मनापासून घातलं, काच खाली ओढली आणि पळालो.

मुलीचा बाप होता म्हणून, असं तुम्ही म्हणाल. विहिणीसमोर हसं होईल, पोरीला ऐकून घ्यावं लागेल, म्हणून. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पोरीला ऐकून घ्यावं लागेल म्हणून!

घरी सांगितलं, कसाऱ्याला सोडलं. जनावर कसं आनंदाने उड्या मारत गेलं, तेही सांगितलं. आठवड्याभरात आमच्या परसात दुसरं उदमांजर आलं. जागा रिकामी झाली, भाडेकरू बदलला. म्हणजे ही सगळी यात्रा फुकट गेली, हे लक्षात घ्या. जनावर नेऊन काही होत नाही, हेसुद्धा मला ते नेल्यावर कळलं.

पण अजून मी त्या गोष्टीशी आलेलो नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल, मी टाळतोय.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर राखण देतात. शेताच्या राखणदाराला कोंबडा. शेतं गेली तरी राखणदार जात नाही. दर्शनाच्या सासऱ्यांची दीड एकर उरली आहे आणि त्यांच्या राखणदाराचा दगड आता एका गोडाऊनच्या आवारात आहे. गेटवर सिक्युरिटीवाला रजिस्टर पुढे करतो, भेटण्याचं कारण विचारतो. सासरे लिहितात, 'राखण'. पण देतात. त्यासाठीचा कोंबडा विहीणबाई पिल्लू असल्यापासून वेगळा पाळतात. तो देवाचा. त्याला कुणी ओरडायचंही नाही. आणि त्या वर्षी नव्या सुनेच्या हातून राखण होणार, म्हणून संध्याकाळी खुराडं बंद करायचं काम आठ दिवस आधीपासून दर्शनाकडे दिलं होतं. मान होता तो.

राखणीच्या आदल्या सकाळी फोन आला. खुराड्यात नुसती पिसं. देवाचा कोंबडा गेला.

मी बायकोला घेऊन धावलो. विहीणबाई ओट्यावर बसलेल्या. त्यांना तो कोंबडा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. राखण द्यायच्या आधीच राखणीचा कोंबडा जातो, आणि तोही नवी सून घरात आल्याच्या वर्षी, याचा अर्थ लोक काय लावतील? दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी, डोळे लाल. "कडी लावली होती," एवढंच एकसारखं म्हणत होती. सासरे मला म्हणाले, "तुमी जॉबर माणूस. बगा जरा, जनावर शिरला कुठनं?"

मी खुराड्याजवळ गेलो. पुढे कडी बघितली. लोखंडी, जाड, नीट बसणारी. मग मागे गेलो. मागची खालची फळी एका बाजूने सुटली होती. वीतभर फट. फटीच्या कडेला काळे केस अडकलेले. खाली चिखलात पाच बोटांचा पंजा, आणि वर, पत्र्यावर, बरोबर मध्यभागी — ओळखीची सही. बियांसकट.

एका नजरेत सगळं कळलं. कडी लावलेली होती. पोरगी खरं बोलत होती.

मी काय केलं, ते लिहितो आता. मी ते केस बोटांनी काढले. पंजा चपलेने पुसला. पत्र्यावर पानं टाकली. स्कूटरच्या डिकीत पाना, हातोडी, खिळे असतातच, फळीला दोन खिळे मारले. कसला आवाज, म्हणून कुणी विचारलं तर म्हणालो, "मजबुती करतोय." मग पुढे आलो, कडी दोन बोटांत धरून हलवली आणि सगळ्यांसमोर बोललो, "कडी जरा सैल आहे. नीट बघून लावायला हवी."

हेच ते. हा तो अर्धा.

उदमांजराचं नाव निघालं असतं, तर पुढचा प्रश्न 'तुम्ही पकडलेलं कुठे सोडलंत' असा आला असता. बस. एवढ्यासाठी. दर्शना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, पप्पा, नाही, मी लावली होती. तिने मान खाली घातली.

त्या घरात तिला कुणी छळलं नाही हो. माणसं चांगली आहेत. बाजारातून दुसरा कोंबडा आणला, राखण विहीणबाईंच्या हातून झाली. फक्त त्या दिवसापासून खुराडं, कपाट, मागचं दार, कडीचं जे जे, ते विहीणबाई स्वतः लावायला लागल्या. "तू राहू दे, मी बघते." आवाज न चढवता. सुनेला हे एवढं वाक्य किती वर्षं पुरतं, ते मी बघितलं. सहा वर्षं दर राखणीला गेलो, जेवलो, कोंबड्याची तंगडी ताटात घेतली, आणि दर वर्षी राखण विहीणबाईंच्याच हातून झाली.

इकडे मी मोठा जाणकार झालो. जनावरं न मारता घालवायची तर मला विचारावं, असं गावात झालं. आणि ते शिकलोही नीट, पिंजरा मोडून. फळ पिकायला लागलं की संध्याकाळच्या आत काढायचं. छपराला टेकलेली फांदी हातभर छाटायची. पपईच्या बुंध्याला पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळायची, नखं लागत नाहीत. छपरातली भोकं जाळीने बुजवायची, पण आधी आत पिल्लं नाहीत ना ते बघून. आणि खुराड्याची मागची बाजू आधी तपासायची. हे शेवटचं सांगताना माझा आवाज जरा बसायचा; लोकांना वाटायचं घसा.

आमच्या परसात जनावर अजून कधी कधी येतं. काही मिळत नाही, म्हणून पुढे जातं. कोंबड्या आम्ही केव्हाच बंद केल्या, गुडघे दुखतात. खुराडं तेवढं रिकामं पडून आहे.

यंदा दर्शना चार दिवस राहायला आली. संध्याकाळी जेवायला बसलो. दोन घास झाले नि ती उठली. मागच्या दाराने परसात गेली. मला वाटलं हात धुवायला. खिडकीतून बघितलं तर ती आमच्या खुराड्याजवळ वाकली होती. कडी लावली, ओढून बघितली. परत ओढली. परत. मग आत येऊन जेवायला बसली. काही झालंच नाही अशी.

खुराडं रिकामं आहे, हे तिला माहीत होतं.

बायको म्हणाली, "ही आता सगळीकडं असंच करते. गॅस, नळ, दार. सवय हाय तिला." सवय! सवय ही काय आकाशातून पडते?

म्हणून यंदा राखणीला गेलो तेव्हा ताट यायच्या आधीच बोललो. पंगत बसली होती. सासरे, जावई, मी. बायको विहीणबाईंजवळ. दर्शना डाव घेऊन वाढायला उभी. मला वाटलं होतं, किस्सा म्हणून सांगीन, हसवत हसवत. लूमच्या आवाजापर्यंत हसवलं. ट्रकवाल्यापर्यंत हसवलं. चादरीशी आलो तेव्हा बायको हसायची थांबली. मग केस, पंजा, दोन खिळे. आणि मग ते वाक्य, जसं बोललो होतो तसंच, सगळ्यांसमोर. कारण तेव्हाही सगळ्यांसमोरच बोललो होतो.

सासरे आधी हसत होते, मग खोकले. दर्शनाने डाव भांड्यात ठेवला.

"म्हणजे कडी लावलेली होती?"

"लावलेली होती."

"मला आठवत होतं," ती म्हणाली. "पण तुम्हीच सैल म्हणालात ना, पप्पा. मग मला वाटलं, माझं आठवणंच चुकीचं."

माफी मागितली नाही. मागितली असती तर माफ करायचं कामही पुन्हा तिच्याच अंगावर पडलं असतं. आणि आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या शांततेत, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना, मला हलकं वाटत होतं. दिवसभर चालणारे बारा लूम एकदम बंद झाले की कानात जी मोकळी पोकळी होते, तसं. लाज होती, भरपूर होती. पण सहा वर्षांची खटखट थांबली होती.

विहीणबाई उठल्या. दर्शनाच्या हातातलं भांडं घेतलं, खांद्याला धरून तिला माझ्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि पहिलं ताट तिला वाढलं. पुढच्या वर्षीची राखण तिच्या हातून, असं नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. मग जावयाला वाढलं, सासऱ्यांना वाढलं. माझ्यापाशी आल्या, डाव तसाच हवेत धरला, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाल्या —

"त्या जनावराला तरी लाज हाय, व्याहीबुवा. अंधार परल्याव येतं. तुमी तर दर सनाला भर दुपारचं येऊन, पाटाव बसून, दोनदा मागून जेवून गेलाव."